चक्रांवरून आलेखाची ओळख



ज्या अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांनी आपली हयात शाळेत भूमिती शिकविण्यात घालविली. गणिताचे नुसते गोडवे गाऊन भागत नाही, निदान एक सिद्धता तरी श्रोत्यांपुढे अथपासून इतिपर्यंत मांडली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. तो आग्रह मला मनापासून पटतो, आणि म्हणून गणिताच्या थोरवीविषयी सर्वसामान्य विवेचन करण्याऐवजी एकच प्रश्न, त्याचे एकच उत्तर आणि त्या उत्तराचे कारण एवढेच मी आज सांगणार आहे.

प्रश्न असा. एका तालुक्याच्या रस्त्यांचा नकाशा दप्तरातून गहाळ झाला आहे अशी कल्पना करा. गावांची नावे गेली, अंतरे गेली, कोणता रस्ता कोणत्या दोन गावांना जोडतो हा तपशीलही गेला. शिल्लक राहिली ती एक नोंदवही. तीत प्रत्येक रस्त्याला क्रमांक दिलेला असून, कोणतेही गाव वाटेत दुसऱ्यांदा न लागता निघाल्या ठिकाणी परत आणणारी जी जी फेरी त्या तालुक्यात संभवते, तिच्यात कोणकोणत्या क्रमांकांचे रस्ते येतात एवढीच माहिती नमूद केलेली आहे; ते रस्ते कोणत्या अनुक्रमाने लागतात हेसुद्धा लिहिलेले नाही. या नोंदवहीच्या आधारे मूळचा नकाशा बिनचूक पुन्हा तयार करता येईल काय?

गणिताच्या परिभाषेत गावांना शिरोबिंदू, रस्त्यांना कडा, फेरीला चक्र आणि सगळ्या मांडणीला आलेख असे म्हणतात. आलेखात कडेची लांबी किंवा वक्रता यांना काहीच महत्त्व नसते. कोणती कडा कोणत्या दोन शिरोबिंदूंना जोडते एवढेच पाहावयाचे. दोन आलेखांच्या शिरोबिंदूंची एकास एक अशी जुळणी लागली आणि त्या जुळणीत जोडलेले बिंदू जोडलेल्या बिंदूंशीच जुळले, तर ते दोन आलेख एकरूप होत. १७३६ साली ऑयलरने कोनिग्सबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे सोडविले तेव्हापासून या शास्त्राचा आरंभ मानतात. आपला प्रश्न आता या भाषेत असा होतो: दोन आलेखांच्या कडांची एकास एक जुळणी अशी आहे की एकातील प्रत्येक चक्र दुसऱ्यातील चक्राशीच जुळते आणि उलटही तसेच घडते, तर ते दोन आलेख एकरूप असलेच पाहिजेत काय?

सरसकट असेच म्हणावे लागेल, असे प्रथमदर्शनी वाटते. पण तसे नाही. ज्याला गणितात वृक्ष म्हणतात, म्हणजे ज्या जोडलेल्या आलेखात एकही चक्र नाही, त्याची नोंदवही कोरीच असणार, आणि दोन कोऱ्या वह्यांमध्ये भेद कसा करावयाचा? पाच कडा एका ओळीत जोडल्या काय किंवा पाचही एका बिंदूत आणून मिळविल्या काय, चक्रांच्या दृष्टीने दोहोंत काही फरक नाही. त्याचप्रमाणे दोन त्रिकोण एका शिरोबिंदूत जोडलेले असोत किंवा एकमेकांपासून सर्वस्वी अलग असोत, चक्रे दोनच आणि तीच राहतात. एखादा आलेख एकाच बिंदूवर तोललेला असेल तर त्या बिंदूपाशी तो सुटा केला किंवा सुटे भाग एखाद्या बिंदूत सांधले, तरी नोंदवहीत एका अक्षराचाही बदल होत नाही. हे दोन फेरफार उघड आहेत आणि त्यांच्यापाशी अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

तिसरा फेरफार मात्र सूक्ष्म आहे. एक चौकट घ्या, तिचे चार दुवे. त्यांपैकी दोन दुवे साधे, म्हणजे एकेक कडेचे आहेत. उरलेले दोन दुवे त्रिकोणी आहेत, म्हणजे त्या दुव्याच्या दोन टोकांमध्ये एक सरळ कडा तर आहेच, शिवाय मधल्या एका बिंदूवरून वळसा घेऊन जाणारी दोन कडांची वाटही आहे. एकंदर कडा आठ, शिरोबिंदू सहा. आता हे दुवे दोन रीतींनी मांडता येतात. पहिल्या मांडणीत दोन्ही त्रिकोण शेजारी शेजारी आहेत, तर दुसरीत त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी एकेक साधा दुवा आहे. दोन्ही मांडण्यांत चक्रे सहाच आहेत: दोन त्रिकोण, आणि चौकटीला पूर्ण फेरी घालणारी चार चक्रे, कारण प्रत्येक त्रिकोणी दुव्यापाशी सरळ जावे की वळशाने, अशी दोन-दोन पर्यायांची मोकळीक आहे. या चार फेऱ्यांतील कडा चार, पाच, पाच आणि सहा अशा येतात, आणि कडांना तीच नावे कायम ठेवली तर दोन्ही नोंदवह्या शब्दशः एक ठरतात. तरीही हे आलेख एकरूप नाहीत, कारण शेजारच्या दोन त्रिकोणांच्या सांध्यावर पहिल्या मांडणीत चार कडा एकत्र येतात, आणि दुसऱ्या मांडणीत कोणत्याही बिंदूवर तीनपेक्षा अधिक कडा येतच नाहीत.

हे घडते कसे, हे पाहण्यासाठी पहिल्या मांडणीतील एक त्रिकोणी दुवा व त्याच्या लगतचा साधा दुवा असा जोडभाग हाती घ्यावा. हा भाग उरलेल्या आलेखाला दोनच बिंदूंत चिकटलेला आहे. त्या दोन बिंदूंपाशी तो सोडवून, त्याची टोके उलटसुलट करून पुन्हा त्याच बिंदूंत बसविला की दुसरी मांडणी तयार होते. जे चक्र या भागाच्या आतबाहेर जाते त्याला आत शिरण्यासाठी एक आणि बाहेर पडण्यासाठी दुसरा असे हे दोन्ही बिंदू वापरावेच लागतात; म्हणजे त्या भागापुरते ते चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची वाट असते, आणि भाग पलटला तरी ती वाट त्याच दोन बिंदूंमधली वाट राहते. चक्र अबाधित राहिले, आलेख मात्र पालटला. या फेरफाराला आपण पलटी म्हणू.

वेगळे करणे, सांधणे आणि पलटी देणे, असे हे तीन फेरफार झाले. यांखेरीज आणखी काही फेरफार असतील काय, जे चक्रांना धक्का लावीत नाहीत पण आलेख बदलतात? या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर १९३३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर असे, की चौथा फेरफार नाही. ज्या दोन आलेखांची चक्रे जुळतात त्यांपैकी एकापासून दुसरा या तीनच फेरफारांनी, क्रमाक्रमाने, तयार करता येतो. आणि ज्या आलेखात या तिहींपैकी एकालाही वाव नाही, म्हणजे ज्यातून कोणतेही दोन शिरोबिंदू काढून टाकले तरी उरलेला भाग अखंड जोडलेलाच राहतो, तो आपल्या चक्रांवरून निःसंशय ओळखता येतो. अशा आलेखाला त्रिसंबद्ध म्हणतात.

या सिद्धांताचे कर्ते हॅस्लर व्हिटनी. त्यांच्या घराण्याचा दाखला देणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याकडील संस्कृतच्या अभ्यासकांना हे आडनाव फार पूर्वीपासून परिचित आहे. १८७९ साली इंग्रजीत संस्कृत व्याकरणाचा सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे येल विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम ड्वाइट व्हिटनी हे हॅस्लर यांचे आजोबा. पाणिनीय परंपरेविषयी त्यांची मते आपल्या पंडितांना रुचण्यासारखी नव्हती, तरी त्यांचा ग्रंथ अभ्यासातून दूर झाला नाही. मातुल पक्षाकडील आजोबा ज्योतिर्वेत्ते सायमन न्यूकम. हॅस्लर यांचा जन्म १९०७ सालचा. येल विद्यापीठातून आधी एक पदवी आणि नंतर संगीताची पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले, आणि १९३२ साली बर्कोफ यांच्या मार्गदर्शनाखाली आलेखांच्या रंगांविषयी प्रबंध लिहून डॉक्टर झाले. गिर्यारोहणाचा त्यांना दांडगा नाद होता; १९२९ साली ब्रॅडली गिलमन या आपल्या नात्यातील भावासह न्यू हॅम्पशायरमधील कॅनन पर्वताच्या ज्या कड्यावरून ते चढून गेले तो कडा आजही त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. पुढे बहुमिती अवकाशांच्या शास्त्रात त्यांनी जे कार्य केले ते याहून अधिक गाजले आणि १९८२ साली त्यांना वुल्फ पारितोषिकही मिळाले. परंतु पंचविशीच्या आसपास लिहिलेल्या या आलेखविषयक निबंधांत जो नेमकेपणा आहे तो मला त्यांच्या कोणत्याही उत्तरकालीन कृतीहून कमी मोलाचा वाटत नाही.

आता सिद्धतेकडे वळू. संपूर्ण सिद्धांताची सिद्धता लांबलचक आहे आणि ती मी येथे देणार नाही. पण त्रिसंबद्ध आलेखाविषयीचा जो भाग आहे, त्याची सिद्धता लक्षपूर्वक ऐकणाऱ्या कोणालाही समजेल अशी आहे. आलेखात दोन बिंदूंमध्ये एकच कडा असते आणि कोणतीही कडा आपल्याच बिंदूला परत येऊन मिळत नाही, एवढे गृहीत धरू. शिरोबिंदू किमान चार आहेत असेही मानू. नोंदवहीत केवळ कडांची चक्रे आहेत, शिरोबिंदूंचा उल्लेखही नाही. तेव्हा खरी अडचण ही की शिरोबिंदू ओळखावयाचे कसे? एका शिरोबिंदूवर मिळणाऱ्या सर्व कडांच्या समुदायाला आपण गुच्छ म्हणू. केवळ चक्रांच्या आधारे, कडांच्या ढिगातून, कोणता समुदाय गुच्छ आहे आणि कोणता नाही हे सांगता आले, की काम फत्ते झाले. कारण प्रत्येक कडा बरोबर दोन गुच्छांत येते, आणि हे दोन गुच्छ म्हणजेच तिची दोन टोके.

यासाठी प्रथम छेद म्हणजे काय ते पाहावे. ज्या कडा तोडल्या असता आलेखाचे दोन तुकडे होतात, आणि ज्यांपैकी एकही कडा तोडावयाची राहिली तर तुकडे होत नाहीत, अशा कडांच्या समुदायाला छेद म्हणतात. कोणतेही चक्र छेदाची एकच कडा वापरू शकत नाही. एका कडेने पलीकडे गेलेल्याला परत अलीकडे येण्यास दुसरी कडा हवीच. इतकेच नव्हे, तर ज्या समुदायाला कोणतेही चक्र नेमके एकाच कडेत भेटत नाही, असे जे सर्वांत लहान समुदाय, तेच छेद होत. म्हणजे छेद ओळखण्यास नोंदवही पुरेशी आहे, नकाशाची गरज नाही. दोन आलेखांची चक्रे जुळत असतील तर त्यांचे छेदही आपोआप जुळतात.

आता त्रिसंबद्ध आलेखातील एक शिरोबिंदू त्याच्या गुच्छासह काढून टाका. उरलेल्या आलेखातून आणखी कोणताही एक बिंदू काढला तरी तो अखंडच राहतो. आणि अशा आलेखाचा एक ठाऊक असलेला गुण असा, की त्यातील कोणत्याही दोन कडा घेतल्या तरी त्या दोहोंतून जाणारे एखादे चक्र त्यात असतेच. म्हणजे गुच्छ हा असा छेद आहे की त्याच्या बाहेरच्या कोणत्याही दोन कडांना, गुच्छाला स्पर्श न करणारे एक चक्र सामावून घेते. हा गुण सर्वस्वी चक्रांच्या भाषेत सांगितलेला असल्यामुळे, जुळणीने ज्या दुसऱ्या आलेखात आपण जाऊ तेथेही तो जसाच्या तसा राहतो. दुसऱ्या आलेखात या गुच्छाशी जुळणारा जो छेद आहे तो तोडला की तेथे दोन तुकडे पडतात. त्या दोन्ही तुकड्यांत जर कडा असत्या, तर एका तुकड्यातील एक आणि दुसऱ्यातील एक अशा दोन कडांना सामावणारे चक्र छेद ओलांडल्यावाचून असूच शकले नसते. म्हणून दोहोंपैकी एका तुकड्यात कडाच नाहीत. तो एकटा शिरोबिंदू आहे, आणि तो छेद म्हणजे त्या शिरोबिंदूचा गुच्छ आहे.

गुच्छ गुच्छाशीच जुळतो असे सिद्ध झाले. उरला एक हिशेब. चक्र तयार होऊ न देता जास्तीत जास्त किती कडा निवडता येतात ही संख्या नोंदवहीवरून कळते, आणि जोडलेल्या आलेखात ती शिरोबिंदूंच्या संख्येहून एकने कमी असते. दुसरा आलेखही जोडलेलाच आहे, कारण त्याच्या कोणत्याही दोन कडा एका चक्रात येतात. तेव्हा दोन्हींत शिरोबिंदू सारखेच. पहिल्यातील सगळे गुच्छ दुसऱ्यातील निरनिराळ्या गुच्छांवर गेले आणि दोन्हीकडील संख्या सारखी, म्हणून एकही गुच्छ शिल्लक राहिला नाही. शिरोबिंदूंची जुळणी लागली, कडांची टोके जुळली, दोन्ही आलेख एकरूप ठरले.

या सिद्धांताचे व्यवहारातले रूप विजेच्या मंडलांत दिसते. १८४७ साली किर्खोफने लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात चक्रे आणि वृक्ष यांच्यावरून मंडलातील प्रवाह काढण्याची रीत आहे. कोणत्याही सांध्यावर येणारा आणि जाणारा प्रवाह सारखा, आणि कोणत्याही चक्रात दाबांची बेरीज शून्य, हे त्याचे दोन नियम चक्रे व छेद यांच्यापलीकडचे काहीच विचारीत नाहीत. म्हणून रोध आणि विद्युत्‌घट ज्या त्या कडेवर कायम ठेवून मंडलाच्या, विद्युत्‌घट नसलेल्या, एखाद्या दोनटोकी भागाला पलटी दिली, तर सांधे बदलतात, पण कोणत्याही तारेतून वाहणारा प्रवाह तिळमात्र बदलत नाही. कडांमधील प्रवाह मोजून मंडलाचा आराखडा ओळखू पाहणाऱ्याला पलटीपूर्वीचे आणि पलटीनंतरचे मंडल वेगळे करता येणार नाही.

प्रतलीय आलेखांविषयीही व्हिटनींनी याच काळात असे दाखविले, की कडा एकमेकींना न छेदता गोलावर काढता येणारा त्रिसंबद्ध आलेख, आरशातील प्रतिमा वगळता, एकाच प्रकारे काढता येतो. घनाचे आठ कोपरे आणि बारा कडा तुम्ही गोलावर कशाही काढा, कडा छेदल्या नाहीत म्हणजे तीच सहा तोंडे तयार होतील. आपली आठ कडांची चौकट मात्र अशी नाही. तिच्यातील त्रिकोणाचा वळसा आतल्या बाजूला ठेवावा की बाहेरच्या, हे काढणाऱ्याच्या मर्जीवर राहते. नकाशे रंगविण्याच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्याला ही निश्चिती किती मोलाची वाटली असेल हे सांगावयास नको. १९३५ साली व्हिटनींनी याच विचाराला अधिक व्यापक रूप देऊन, कडा आणि त्यांची चक्रे एवढेच मूलभूत मानणारी मॅट्रॉइड ही कल्पना मांडली. त्याच वर्षी जपानात ताकेओ नाकासावा यांनीही स्वतंत्रपणे तीच वाट धरली होती, याचा उल्लेख पुष्कळ वर्षे कोणी केला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

आता एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे, कारण तो वारंवार आढळतो आणि त्याच्या निराकरणात आपल्या एका गणितज्ञाचा वाटा आहे. चक्रे जुळणे म्हणजे चक्रांच्या संख्या जुळणे नव्हे. तीन कडांची चक्रे किती, चार कडांची किती, अशी खानेसुमारी दोन आलेखांत सारखी निघाली म्हणजे ते एकरूप झाले, असे मानणारे पुष्कळ आहेत. ते गणितज्ञ म्हणजे शरदचंद्र श्रीखंडे; त्यांचा जन्म १९१७ साली सागर येथे झाला, शिक्षण नागपुरात झाले, आणि १९६३ पासून मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची उभारणी त्यांच्या हातून झाली. १९५९ साली राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासह त्यांनी लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलरचे अनुमान खोटे ठरविले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी त्यांनी दुसराही एक निबंध प्रसिद्ध केला. बुद्धिबळासारख्या पटाच्या घरांना शिरोबिंदू मानावे आणि हत्तीच्या एका चालीत ज्या दोन घरांमध्ये जाता येते ती जोडावी. अशा आलेखात प्रत्येक बिंदूला किती शेजारी आणि कोणत्याही दोन बिंदूंना किती शेजारी सामायिक, एवढ्या आकड्यांवरून तो आलेख ओळखता येतो काय, असा तो प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे, की येतो. अपवाद फक्त चार बाय चारच्या पटाचा.

तो अपवाद जवळून पाहण्यासारखा आहे. त्याच सोळा घरांच्या पटाची डावी कड उजवीला आणि वरची खालचीला जोडली आहे असे समजा, आणि प्रत्येक घरातून एक पाऊल आडवे, एक पाऊल उभे किंवा एकाच ठराविक कर्णाच्या दिशेने एक पाऊल, पुढे वा मागे, अशी हालचाल मान्य करा. हा झाला श्रीखंडे यांचा आलेख. हत्तीच्या आलेखाप्रमाणेच यातही शिरोबिंदू सोळा, प्रत्येकाचे शेजारी सहा, कडा अठ्ठेचाळीस. दोहोंत त्रिकोण बत्तीस, चार कडांची चक्रे साठ, आणि एखाद्या बिंदूपासून निघून ठराविक पावलांनी तेथेच परत येण्याचे मार्ग, पावले कितीही असोत, संख्येने सारखेच. परंतु हत्तीच्या आलेखात कोणत्याही घराचे सहा शेजारी, तीन ओळीतले आणि तीन स्तंभातले, असे दोन अलग त्रिकोण होतात. श्रीखंडे यांच्या आलेखात तेच सहा शेजारी एका षट्कोनी कड्यात एकमेकांचे हात धरून उभे असतात. हत्तीच्या पटावर एका ओळीतील चारही घरे परस्परांना जोडलेली आहेत. दुसऱ्या आलेखात परस्परांना जोडलेली चार घरे शोधूनही सापडणार नाहीत.

हे दोन्ही आलेख त्रिसंबद्ध आहेत. किंबहुना त्यांतून कोणतेही पाच बिंदू काढले तरी ते तुटत नाहीत. म्हणून व्हिटनींचा सिद्धांत येथे पूर्णपणे लागू पडतो, आणि त्याचा निर्णय असा, की एकाच्या अठ्ठेचाळीस कडा दुसऱ्याच्या अठ्ठेचाळीस कडांशी तुम्ही कोणत्याही रीतीने जुळवा, कोठे ना कोठे एखादे चक्र असे निघेलच की ज्याच्या जोडीदार कडा दुसरीकडे चक्र होत नाहीत. तसे चक्र निघाले नसते, तर प्रत्येक गुच्छ गुच्छाशी जुळला असता, हत्तीच्या पटावरील चार परस्परसंलग्न घरे श्रीखंडे यांच्या आलेखातही आली असती, आणि ती तर तेथे नाहीतच.